अतिदक्षता विभागातील द्रवोपचाराची निवड आणि शय्याव्रण : एक विवेचन

प्रस्तावना :

इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे संत तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गावरील मुक्कामाचे गाव होय. येथील रुग्ण अत्यवस्थ झाल्यास त्यास बारामती, इंदापूर किंवा पुणे येथे न्यावे लागते. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने उपचारांची एक सोय जवळ आली. अशा रुग्णास प्रथम सलाईन लावले जाते आणि नातेवाइकांना धीर येतो. परंतु काही दिवसांनी प्राण वाचलेल्या त्याच रुग्णाच्या माकडहाडावर खोल जखम आढळते. या दोन घटनांमधील संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

द्रवोपचाराचे स्वरूप :

रक्तदाब खालावल्यावर अवयवांना रक्तपुरवठा व्हावा म्हणून शिरेतून द्रव दिला जातो. त्याचे मुख्य प्रकार दोन. क्षारयुक्त पाण्याचे द्रव हा पहिला प्रकार. त्यात नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट येतात. अल्ब्युमिनसारखे मोठे रेणू असलेले द्रव हा दुसरा. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. त्यातील क्लोराइडचे प्रमाण रक्तापेक्षा बरेच अधिक असल्याने ते मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्ताची आम्लता वाढू शकते. रिंगर लॅक्टेटची घटना रक्तद्रवाशी अधिक जुळणारी आहे.

क्षारयुक्त द्रवाचा मोठा भाग अल्पावधीतच रक्तवाहिन्यांबाहेर ऊतींमध्ये जातो. जंतुसंसर्गात केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र झाल्यावर अल्ब्युमिनही बाहेर झिरपते. म्हणजेच ‘महाग द्रव रक्तातच राहतो’ हा समज आजारी शरीराच्या बाबतीत पूर्णतः खरा ठरत नाही.

शय्याव्रणाची कारणमीमांसा :

हाड आणि गादी यांमध्ये त्वचा दाबली गेल्याने तेथील रक्तप्रवाह थांबतो व ऊती मृत होतात. द्रव अतिरिक्त झाल्यास अंगावर सूज येते. सुजलेल्या ऊतीत केशवाहिनी व पेशी यांतील अंतर वाढते आणि प्राणवायू पोहोचणे अवघड होते. उलटपक्षी द्रव अपुरा पडल्यास त्वचेचा रक्तपुरवठा आधीच तुटतो. रक्तदाब वाढविणारी औषधे त्वचेच्या रक्तवाहिन्या आणखी आकुंचित करतात. त्यामुळे कमतरता आणि अतिरेक या दोन्ही गोष्टी त्वचेला घातक ठरतात.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. २०१८ मध्ये ९० देशांतील १,११७ अतिदक्षता विभागांत एकाच दिवशी झालेल्या पाहणीत १३,२५४ रुग्णांपैकी २६.६ टक्के रुग्णांना शय्याव्रण आढळले. माकडहाड आणि टाच या सर्वाधिक बाधित जागा होत्या.

संशोधनाचा आढावा :

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २००४ च्या ‘सेफ’ अभ्यासात सुमारे ७,००० रुग्णांवर अल्ब्युमिन व सलाईन यांची तुलना झाली. २८ दिवसांतील मृत्यूंत फरक आढळला नाही. अमेरिकेतील २०१८ च्या ‘स्मार्ट’ अभ्यासात संतुलित द्रव घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे गंभीर दुष्परिणाम किंवा मृत्यू किंचित कमी, म्हणजे १५.४ ऐवजी १४.३ टक्के होते. २०२२ च्या ‘प्लस’ अभ्यासात मात्र मृत्यूंत फरक दिसला नाही. आफ्रिकेतील बालकांवरील २०११ च्या ‘फीस्ट’ अभ्यासात झपाट्याने द्रव दिलेल्या दोन्ही गटांत, मग तो सलाईन असो वा अल्ब्युमिन, मृत्यू अधिक झाले.

या अभ्यासांचे प्रमुख निकष मृत्यू आणि मूत्रपिंड हे होते, त्वचा नव्हे. तथापि त्यांतून एक दिशा मिळते. द्रवाच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या मात्रेला व वेळेला आहे. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळल्यास पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे किमान ३० मिलिलीटर द्रव द्यावा, असे २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुचवितात. ५० किलोच्या रुग्णासाठी हे प्रमाण अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या इतके होते. पुढील प्रत्येक बाटली मात्र तपासणी करूनच ठरवावी लागते.

व्यावहारिक उपाययोजना :

रुग्णास गावाहून हलविताना दिलेल्या द्रवाची नोंद चिठ्ठीवर सोबत जाणे आवश्यक आहे. अन्यथा पुढील रुग्णालयाचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. अतिदक्षता विभागात द्रवाचा जमाखर्च आणि त्वचेची तपासणी यांचे तक्ते एकत्र वाचले जावेत. सूज वाढत असल्यास कूस बदलण्याचे वेळापत्रक त्याच दिवशी कडक करावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. म्हणून स्पर्शाने उष्णता आणि कडकपणा पाहावा. टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. दाबलेली जागा चोळणे व रबरी कड्यावर बसविणे हे रूढ उपाय हानिकारक आहेत. रक्तातील अल्ब्युमिन कमी असणे हे बहुधा आजाराच्या तीव्रतेचे लक्षण असते. काही हजार रुपयांची बाटली हा कूस बदलण्यास पर्याय नव्हे.

समारोप :

द्रवोपचार रुग्णाचे प्राण वाचवितो. तथापि त्याचा हिशेब चुकल्यास त्याची किंमत त्वचेला मोजावी लागते. व्रण झालेला रुग्ण घरी परतल्यावर त्याची सुश्रूषा बहुधा घरातील स्त्रियांवर येते आणि ती महिनोन्‌महिने चालते. म्हणून ‘कोणते सलाईन’ या प्रश्नासोबत ‘किती दिले, किती साचले आणि कूस केव्हा बदलली’ हे प्रश्नही डॉक्टर, परिचारिका व नातेवाईक यांनी दररोज विचारणे अगत्याचे आहे.