तांबी होती तेव्हाची गल्ली

दिल्ली परिसरातली रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यात कोंडा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिला. त्याच आठवड्यात आमची कुत्री तांबी गेली. म्हातारपणी मूत्रपिंडं निकामी झाली होती. मुळशीत मामेभावाच्या शेताच्या बांधाला तिला पुरून आम्ही परतलो, तर इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आदेशासाठी टाळ्या पडत होत्या. पुढे 22 ऑगस्टला न्यायालयाने तो बदलला. पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून बाकीची नसबंदी करून आणि लस देऊन पुन्हा आपल्या जागी सोडायची असं ठरलं. त्यावर मात्र ग्रुपवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

कुत्र्यांची हौस पुण्याला नवी नाही. नव्वदीत बंगल्याबंगल्यांतून पॉमेरेनियन भुंकायचे. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात आली आणि धड श्वासही घेता न येणारे चपट्या नाकाचे पग घरोघरी धापा टाकू लागले. त्या काळाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. माझ्या आठवणी सुरू होतात त्या 2011 च्या पावसाळ्यात, कोथरूडच्या आमच्या जुन्या तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली.

तिथे तांबी कुणा एकाची नव्हती. सकाळची पोळी तळमजल्यावरच्या आजींकडे, दुपारचा ताकभात आमच्याकडे, आणि रात्री वॉचमनच्या खाटेखाली झोप. नसबंदीला वर्गणी निघाली होती. कानाला खाच पाडून ती परत आली तेव्हा पोरांनी तिला गल्लीभर मिरवलं. एकदा गोचीडताप झाला तेव्हा गुळाच्या खड्यात गोळी लपवून द्यायच्या पाळ्या लागल्या होत्या. गावठी कुत्रं म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण इथल्या उन्हापावसात हजारो वर्षं घडलेलं, आखूड केसांचं, काटक जनावर आहे ते. पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्कीला एसीत ठेवणाऱ्यांनी त्याला हलकं लेखू नये.

वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यावर ती आमच्या घरातच राहू लागली. हाताच्या व्यायामाला ते दाद देत नसत. तांबी मात्र जुना टेनिसचा बॉल आणून त्यांच्या उजव्या मुठीत कोंबायची आणि ओढू लागायची. ते घट्ट धरायचे. मूठ वळायला लागली ती त्या ओढाओढीत, हे मी कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगेन. 2020 च्या टाळेबंदीत वडील गेले. नंतर कितीतरी दिवस ती बॉल आणून खुर्चीपाशी ठेवायची आणि वाट बघायची.

मग पुनर्विकास आला. जिना गेला, खाट गेली, आजी मुलाकडे गेल्या. नव्या टॉवरमध्ये समितीचं पहिलं फर्मान निघालं, कुत्र्यांना लिफ्टबंदी. प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच अशी बंदी घालता येणार नाही असं कळवलंय. ते पत्रक मी दाखवलं, तर उत्तर मिळालं, ‘हे तर रस्त्यावरचं कुत्रं.’ महापालिकेचा परवाना काढून तो त्यांच्यापुढे ठेवेपर्यंत, संधिवाताने मागचे पाय आखडलेली तांबी मजले चढत राहिली. हे मी विसरलेलो नाही.

रेबीजची भीती खोटी नाही. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्यच. पण तो आवरायचा उपाय माहीत आहे, दहातल्या सात कुत्र्यांना लस. नसबंदी आणि लसीकरणाचे नियम 2001 पासून आहेत. ते काम नेटाने केलं नाही पालिकांनी, आणि शिक्षा भोगायची कुत्र्यांनी? आमच्या जुन्या गल्लीने ते वर्गणीतून केलं होतं.

सध्या टॉवरच्या कुंपणालगत दोन पिल्लं फिरताहेत. आवारातल्या अशा जनावरांच्या खाण्याची सोय 2023 च्या नियमांनी रहिवासी संघटनेवरच सोपवली आहे. येत्या सभेत त्यांच्या लसीचा आणि नसबंदीचा खर्च सोसायटीने उचलावा असा ठराव मी मांडणार आहे. विरोध कोण करणार हे मला आजच माहीत आहे. या वेळी नियमांची प्रत प्रत्येकाच्या हातात असेल.