चित्राचा ग्राहक आणि पत्रांतला ठक

मुंबई-पुणें लोहमार्गावर लोणावळें सोडलें कीं पुढचें स्टेशन मळवली. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांस जाणारे प्रवासी येथें उतरतात. परंतु या लहानशा गांवाचें दुसरेंही एक महत्त्व आहे, तें पुष्कळांस ठाऊक नसतें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला चित्रांचा शिळाछापखाना १८९९ सालीं येथें आणण्यांत आला. लक्ष्मी-सरस्वतींचीं जीं रंगीत चित्रें महाराष्ट्रांतल्या घरोघरच्या भिंतींवर लागलीं, त्यांतलीं कित्येक या मावळांत छापलीं गेलीं. व्यवहाराच्या दृष्टीनें मात्र तो छापखाना रविवर्म्यांस लाभला नाहीं. कर्ज वाढलें आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. पुढें १९७२ सालीं आगीनें त्याचा नाश केला.

त्या काळच्या छापील चित्रांच्या व्यापारांत चित्रकार व ग्राहक यांची गांठ सहसा पडत नसे. मध्यें छापखाना, अडत्या, दुकानदार अशी सांखळी असे, आणि तिची प्रत्येक कडी पुढच्या कडीस ओळखून असे. पैसा अडकला तर कोणाच्या दारीं जावयाचें, हें ठाऊक असे. आज ही सांखळी गळून पडली आहे. लोणावळ्यास किंवा तळेगांवास घरीं बसून जलरंगांत सह्याद्रीचे कडे रंगविणारी एखादी सून, अगर निवृत्तीनंतर शाडूच्या मूर्ती घडविणारे काका, आपलें काम इंटरनेटवर मांडतात आणि दूरदेशींचा ग्राहक त्यांस थेट पत्र लिहितो. ही सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु अडत्या गेला तशी त्याची पारखही गेली. ग्राहक खरा कीं खोटा, हें ओळखण्याचें काम आतां कलावंतावरच येऊन पडलें आहे.

ठकाचें पत्र कसें असतें? पुढील मजकूर आम्हीं नमुना म्हणून रचिला आहे, परंतु ज्यांनीं चित्रें विक्रीस मांडलीं आहेत, त्यांतल्या बहुतेकांस तो ओळखीचा वाटेल: “आपलें काम माझ्या पत्नीस फार आवडलें. आमच्या विवाहाचा वाढदिवस जवळ आला असून तिला न कळत भेट द्यावी अशी इच्छा आहे. आपल्याकडील दोन-तीन चित्रें व त्यांच्या किमती ताबडतोब कळवाव्या. मी सध्यां जहाजावर असल्यामुळें फोनवर बोलतां येणार नाहीं. चित्रें नेण्यास माझा माणूस येईल. त्याचे पैसे मी आपल्या रकमेंतच मिळवून पाठवीन, ते आपण त्यास द्यावे.”

वरवर पाहतां या पत्रांत वावगें कांहींच नाहीं. उलट सौजन्यच दिसतें. पण तें पुन्हां वाचावें. कोणतें चित्र आवडलें, तें लिहिलेलें नाहीं. लांबी-रुंदी, कागद कीं कॅनव्हास, चौकटीसह कीं चौकटीविना, यांपैकीं एकही प्रश्न नाहीं. हेंच पत्र एका वेळीं हजार चित्रकारांस धाडलें तरी एक अक्षर बदलावें लागणार नाहीं. याच्या उलट पैसा कसा येईल, कोण नेईल, कोणास द्यावयाचा, याचा तपशील मात्र भरपूर आहे. खरा ग्राहक चित्राविषयीं बोलतो. ठक पैशाच्या वाटेविषयीं बोलतो. एवढें एक सूत्र ध्यानांत राहिलें तरी निम्में काम झालें.

ही पैशाची वाट कशी फिरते, तेंही समजून घेतलें पाहिजे. चित्राची किंमत वीस हजार असेल तर ठक पन्नास हजारांचा परदेशी चेक पाठवितो आणि वरचे तीस हजार आपल्या माणसास देण्यास सांगतो. असा चेक वटण्यास कित्येक आठवडे लागूं शकतात, आणि रक्कम खात्यावर दिसूं लागली तरी मागाहून चेक खोटा ठरल्यास ती परत घेतली जाते. तोंवर आपले तीस हजार गेलेले असतात, आणि तेही आपल्याच हातानें. आपल्याकडे याचाच धाकटा भाऊ असा: मोबाइलवर बँकेच्या नांवाचा खोटा संदेश येतो आणि पाठोपाठ विनवणी येते कीं, “चुकून एक शून्य जास्त पडलें, कृपा करून वरची रक्कम परत करा.” संदेश म्हणजे पैसा नव्हे. पत्रांतल्या दुव्यावर बोट न लावितां आपलें खातें आपण स्वतः उघडून पाहावें. तेथें जमा दिसेल तेवढीच जमा.

दुसरी वाट क्यूआर कोडाची. “हें चित्र स्कॅन करा आणि पिन घाला, म्हणजे पैसे आपल्या खात्यांत येतील,” असें सांगण्यांत येतें. यूपीआयमध्यें पिन लागतो तो पैसे देतांना. घेतांना तो कधींच लागत नाहीं. एका व्यक्तीनें दुसरीकडे पैशाची मागणी पाठविण्याची यूपीआयवरील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली, ती फसवणुकीस आळा बसावा म्हणूनच. परंतु क्यूआर कोड राहिलाच आहे. या प्रकारांत ठक पुष्कळदां लष्करी अधिकाऱ्याचें सोंग घेतो आणि गणवेशांतलें ओळखपत्र धाडतो. लोणावळ्यास आय.एन.एस. शिवाजी हें नौदलाचें शिक्षणकेंद्र असल्यामुळें गणवेश हा इकडे नित्याचा देखावा आहे. म्हणून मावळांतल्या कलावंतानें अशा ओळखपत्रास भुलूं नये.

तिसरी वाट आधीं पैसे मागण्याची. परदेशांतील प्रदर्शनाचें आमंत्रण येतें आणि नोंदणीची फी मागितली जाते. किंवा चित्राची ‘डिजिटल प्रत’ लाखो रुपयांस घेण्याचें आमिष दाखवून आरंभींचा खर्च आपल्याकडून घेतला जातो. विकणाऱ्यानेंच आधीं पैसे भरावयाचे, हा उलटा बाजार आहे, एवढें ओळखलें तरी पुरे.

पूर्वीं अशीं पत्रें मोडक्या इंग्रजीवरून ओळखतां येत. आतां यंत्रें सफाईदार भाषा लिहूं लागलीं आहेत, मराठीसुद्धां. म्हणून भाषेवर विसंबूं नये, पत्ता पाहावा. कार्ल्याच्या चैत्यगृहांत दात्यांनीं आपलें दान कोरून ठेविलें तें नुसत्या नांवानें नव्हे. कोणी धेनुकाकटचा, कोणी वैजयंतीचा, असें गांवही खोदलें आहे. ई-मेलाच्या पत्त्यासही नांव आणि गांव असतें. ‘अ‍ॅट’ या चिन्हाच्या अलीकडे नांव, पलीकडे गांव. वर ठळक अक्षरांत दिसणारें नांव कोणासही कांहींही घालतां येतें. पाहावयाचें तें गांव. नामांकित बँकेचें किंवा कलादालनाचें पत्र फुकट मिळणाऱ्या पत्त्यावरून येत असेल, गांवाच्या नांवांत एखाद्या अक्षराचा फेर असेल, अथवा उत्तर भलत्याच पत्त्यावर जात असेल, तर तेथेंच थांबावें. तसेंच, देशांतलाच ग्राहक पेपालनें पैसे भरल्याचें पत्र धाडूं लागला तर तेंही खोटें समजावें. कारण १ एप्रिल २०२१ पासून त्या कंपनीनें भारतांतल्या भारतांत देण्याघेण्याची सेवा बंद केली असून परदेशांतून येणारे पैसे घेण्याची तेवढी सोय ठेविली आहे.

एवढ्यानें प्रत्येक अनोळखी पत्र ठकाचेंच मानूं नये. खरा ग्राहकही कधीं घाईंत असतो, कधीं थोडक्यांत लिहितो. त्यास दोन प्रश्न विचारावे: कोणतें चित्र, आणि तें कोठें लावणार? खऱ्या ग्राहकास हे प्रश्न आवडतात. ठक ते टाळून पुन्हां पैशावर येतो. मग आपल्या अटी लिहून कळवाव्या. पूर्ण रक्कम वटून खात्यांत आल्यावरच चित्र निघेल. कुरियर आपल्या ओळखीचा असेल. आणि कांहीं परत करावयाचें झाल्यास तें ज्या वाटेनें आलें त्याच वाटेनें, बँकेस विचारूनच जाईल. पैसे घेण्यास खात्याचा क्रमांक व बँकेचा संकेतांक, किंवा यूपीआयचा पत्ता पुरतो. पिन, ओटीपी, कार्डाचें छायाचित्र यांची खऱ्या ग्राहकास गरज नसते.

आतां घरच्या मंडळींसाठीं दोन शब्द. ठकाचीं खरीं शस्त्रें दोन, घाई आणि गुप्तता. चार माणसांच्या घरांत तीं दोन्ही बोथट करणें अगदीं सोपें आहे. पैशाचा उल्लेख असलेलें पत्र उत्तर देण्यापूर्वीं घरांत कोणास तरी मोठ्यानें वाचून दाखवावें आणि एक रात्र जाऊं द्यावी. मात्र हें तेव्हांच घडेल, जेव्हां वाचून दाखविणाऱ्यास थट्टेची भीति वाटणार नाहीं. फसलेली सून किंवा पुतण्या लाजेनें चार दिवस गप्प राहतो, आणि त्या चार दिवसांतच पैसा हातचा जातो. तसें घडल्यास त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस कळवावें आणि सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या ठिकाणीं तक्रार नोंदवावी; जितका उशीर कमी, तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा अधिक. पत्रें व संदेश पुसून टाकूं नयेत, पुरावा तोच. संगणकाच्या साह्यानें तोतयेगिरी करून फसविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गुन्हा ठकाचा आहे, फसलेल्याचा नव्हे.

एक पत्र खोटें निघालें म्हणून “हे नसते उद्योग बंद करा” असें म्हणणारी वडील मंडळी घरोघर असतात. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, बंदी पैशाच्या घाईवर घालावी, रंगांवर घालूं नये. घरांतल्या हातानें काढलेलें चित्र परमुलखांतल्या भिंतीवर लागावें, हें भाग्य आज शक्य झालें आहे. तें कुंचला धरणाऱ्याच्या वांट्यास यावें, यासाठीं घरांतल्या इतरांनीं थोडी अडत्याची पारख शिकून घ्यावी.