अशक्त हृदय, जोडीचे आजार आणि रोजचे वजन



उसाची गाडी काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून आकडा पाहतो. थोडा फरक वाटला तरी विचारणा करतो आणि ते रास्तच आहे. पण घरातल्या ज्या माणसाचे हृदय अशक्त झाले आहे, त्याचे वजन मात्र महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही. वास्तविक त्याच्या वजनातला दोन किलोंचा फरक हा वेळीच मिळालेला इशारा असतो.

नाव भयंकर, अर्थ वेगळा

डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' म्हटले की घरातल्यांच्या काळजात धस्स होते. परंतु हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नव्हे. हृदय चालूच असते. फक्त रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते, किंवा ते ताठर झाल्याने नीट भरत नाही. इको तपासणीच्या कागदावर 'ई. एफ.' असा आकडा असतो. दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते त्यावरून कळते. धडधाकट माणसातही हा आकडा १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. तेव्हा ३५ आकडा पाहून 'हृदय पस्तीस टक्केच उरले' म्हणून हातपाय गाळू नयेत.

आता विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढे आणा. दाब कमी पडला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. तसेच मूत्रपिंडांना रक्त कमी पोचले की त्यांना वाटते, अंगातले पाणीच आटले. मग ती मीठ व पाणी अडवून धरतात. पाटकऱ्याने दुष्काळ समजून दारे बंद करावीत आणि वरच्या अंगाला पाणी तुंबावे, तसा हा प्रकार. तुंबलेले पाणी पायांवर सूज आणते, पोटात व फुप्फुसांत साठते. चालताना दम लागतो, रात्री उशीवर उशी घ्यावी लागते, झोपेतून घाबरे होऊन उठावे लागते.

हा आजार एकटा येत नाही

समजा, साठीच्या एका सभासदाला दहा वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे, साखरही आहे. वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदय थकते. साखरेने रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे खराब होतात. मूत्रपिंडे बिघडली की दाब आणखी वाढतो. त्यात अंगात लोह कमी असेल तर थकवा दुप्पट. एका बैलाने मान टाकली की सगळा भार दुसऱ्यावर येतो, तसेच हे.

म्हणूनच एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला बाधणार नाही ना, हे पाहावे लागते. सर्वांत मोठा घोटाळा होतो तो गुडघेदुखीच्या गोळीने. मेडिकल दुकानातून मागून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या अंगात पाणी साठवतात व मूत्रपिंडांना इजा करतात. हृदय अशक्त असणाऱ्याने त्या मनाने कधीही घेऊ नयेत. साखरेसाठी दिली जाणारी पायोग्लिटाझोन ही गोळीही पाणी साठवते. ती चालू असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उलट बाजूही आहे. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचे औषध. अशक्त हृदयाच्या रोग्यांना, मधुमेह नसला तरी, त्याचा फायदा होतो असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. मात्र कडक उपवास, उलट्या किंवा जुलाब असताना हे औषध व लघवीची गोळी यांचे काय करायचे, ते आधीच विचारून ठेवावे.

लघवीची गोळी घेतली की शेतात पंचाईत होते, म्हणून तोडणीच्या दिवसांत पुष्कळजण ती परस्पर बंद करतात. असे करू नये. गोळीची वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारावे. बरे वाटू लागले म्हणून इतर गोळ्याही आपल्या मनाने सोडू नयेत. बरे वाटते ते त्या गोळ्यांमुळेच. सांगितलेल्या मुदतीला रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे.

मीठ आणि गूळ

दिवसाचे एकूण मीठ एका चहाच्या चमच्यापेक्षा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. पापड, लोणचे, ठेचा, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरावे. बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ परस्पर वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडे कमजोर असल्यास ते जिवावर बेतू शकते. शहाळ्याचेही विचारूनच. आणि आपण ऊसवाले असलो तरी खरे ते सांगायला हवे : साखर चालत नाही पण गूळ चालतो, ही समजूत मधुमेह्याला महागात पडते. तंबाखू, मशेरी व दारू यांना रजा द्यावी. दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे रोज चालावे.

घरचा काटा

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर वजन करून वहीत तारखेसह लिहावे. तीन दिवसांत २ किलोंहून अधिक वाढ झाली तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साठलेले पाणी आहे. सूज वा दम वाढण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वजन झपाट्याने घटून चक्कर येत असेल तरीही कळवावे. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

त्याच वहीत सर्व गोळ्यांची नावे, ब्लडप्रेशर व साखरेचे आकडे लिहावेत आणि हृदयाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या अशा प्रत्येक डॉक्टरांपुढे तीच वही ठेवावी. आजार तीन असले तरी शरीर एकच आहे, आणि हिशेबही एकाच वहीत हवा. हे काम घरच्या शाळकरी नातवंडालाही करता येईल.

कारखान्याच्या काट्यावरची पावती आपण जपून ठेवतो. तितक्याच काळजीने ही वहीही जपावी, ही विनंती.