वादळाचा शंकू
निर्णयसाहाय्य प्रणाली, म्हणजे माहिती मांडून माणसाला निर्णय घ्यायला मदत करणारी व्यवस्था, अनिश्चितता चित्रातून दाखवते तेव्हा काय घडते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशावरून कळते. त्यातला शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो आणि मागील ५ वर्षांतील अंदाजांच्या चुकांवरून त्याची रुंदी अशी ठरवतात, की केंद्र साधारण दोन-तृतीयांश वेळा आत राहावे. पाहणारा मात्र शंकूलाच वादळाचा आकार समजतो आणि कडेबाहेरचे गाव सुरक्षित मानतो. कधी नजर शंकूच्या मधल्या रेघेवरच खिळते: २००४ मध्ये ‘चार्ली’ वादळाच्या वेळी ही रेघ टॅम्पा शहराकडे जात होती, पण तडाखा बसला तो शंकूच्या आतच असलेल्या पुंता गोर्डा शहराला. शब्दांतला इशारा अशी फसगत टाळू शकतो, तरी ‘शक्यता’ किती, हे प्रत्येक वाचक आपापल्या परीने ठरवतो.