मोठं टेबल कुठे कापावं

एक लाख वीजमीटर धरा. प्रत्येक मीटर दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवतो म्हटलं तर दिवसाला ९६ लाख ओळी होतात, तीस दिवसांच्या महिन्याला २८ कोटी ८० लाख आणि वर्षाला ३५० कोटी. ओळीत मीटरचा क्रमांक, वेळ आणि युनिटचा आकडा एवढंच असलं तरी पोस्टग्रेस तिला आपलं २४ बाइटांचं शीर्षक आणि पानावरचा ४ बाइटांचा पत्ता जोडतं. हिशेब ओळीमागे ५२ बाइटांपर्यंत जातो, म्हणजे महिन्याला साधारण १५ जीबी. इंडेक्सची जागा वेगळी. आजच्या सर्व्हरला हे ओझं फार नाही, पहिलं वर्ष कुणाची तक्रारही येत नाही.

दुखणं सुरू होतं ते जुन्या नोंदी काढायची वेळ आल्यावर. तीन वर्षांपलीकडचं काही ठेवायचं नाही असं ठरतं आणि कुणीतरी डिलीटची क्वेरी सोडतं. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली ओळ जागची हलत नाही, ती गेली अशी तिच्यावर फक्त खूण होते. एका महिन्यासाठी अशा २८ कोटींवर खुणा, आणि प्रत्येक खूण लॉगमध्येही लिहायची. मग व्हॅक्यूम येतो, इंडेक्समधले त्या ओळींचे पत्ते काढतो आणि जागा नव्या ओळींसाठी मोकळी करतो. पण ही जागा फाइलच्या आतच राहते. ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळतात ती फक्त फाइलच्या शेवटाची रिकामी पानं, आणि जुन्या नोंदी तर सुरुवातीला पडलेल्या असतात. एवढं करून डिस्कचा आकडा तसाच. ‘व्हॅक्यूम फुल’ चालवलं तर टेबलाची नवी प्रत लिहिली जाते. तिच्यासाठी जागा आधी लागते आणि काम संपेपर्यंत टेबल वाचताही येत नाही.

तेच टेबल महिनावार पार्टिशनांत असेल तर जुना महिना काढायला एक छोटं टेबल ड्रॉप करायचं. फाइली जातात, जागा मिळते. पार्टिशनिंगचं पहिलं कारण हे, असं माझं मत आहे. वेगासाठी पार्टिशन करा हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच खरा. मीटर आणि वेळ यांवर एकत्र इंडेक्स असेल, तर एका मीटरच्या महिन्याच्या २,८८० ओळी अखंड टेबलातूनही पटकन सापडतात. टेबल दसपट वाढलं तरी बी-ट्री फार तर एखाद्या पातळीनं उंच होतो. म्हणून टेबल कुठे कापायचं हे ठरवताना आधी विचारावं, की आपण डेटा फेकणार कोणत्या मापानं?

पोस्टग्रेसमध्ये आज ज्या रीतीनं पार्टिशनं करतात ती २०१७ साली दहाव्या आवृत्तीत आली. त्याआधी टेबलांच्या वारशावर आणि हातानं लिहिलेल्या ट्रिगरवर निभवावं लागे. आता मूळ टेबल तयार करताना ‘वेळेच्या रकान्यावर, रेंजनं’ असं सांगायचं. मूळ टेबलात स्वतःची एकही ओळ नसते. ओळी पार्टिशनांत जातात आणि प्रत्येक पार्टिशन हे आपापल्या फाइली, आपापले इंडेक्स असलेलं पुरतं टेबल असतं. रेंजची खालची हद्द धरलेली असते, वरची सोडलेली. एक एप्रिल ते एक मे असं लिहिलं की एक मेच्या पहिल्या क्षणाची नोंद मेच्या पार्टिशनात पडते.

या हद्दींमध्येच वेळक्षेत्राचा खड्डा आहे. रकाना वेळक्षेत्रासह असेल, तर नुसती ‘एक मे’ ही तारीख पार्टिशन बनवणाऱ्या सेशनच्या वेळक्षेत्रात वाचली जाते. सर्व्हर यूटीसीवर असेल तर एप्रिलचं पार्टिशन आपल्या घड्याळात एक तारखेच्या पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि त्याआधीच्या साडेपाच तासांच्या २२ लाख ओळी मार्चमध्ये जातात. उत्तर चुकत नाही, पण महिन्याचं प्रत्येक बिल दोन पार्टिशनं उघडतं. खरी पंचाईत होते ती एप्रिलचं पार्टिशन कुणी भारतीय वेळेच्या सेशनमधून बनवलं आणि मेचं यूटीसीतून, तेव्हा. दोन्हींच्या मध्ये साडेपाच तासांची फट राहते आणि एक मेच्या मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या नोंदींना घरच नसतं. हद्द लिहिताना तिच्यापुढे +०५:३० लिहून टाकावं, विषय संपतो.

आता क्वेरी. कोणती पार्टिशनं वाचायची नाहीत हे प्लॅनर व्हेअरमधली अट हद्दींशी ताडून ठरवतो. याला प्रूनिंग म्हणतात. अट थेट रकान्यावर हवी: वेळ एक एप्रिल किंवा पुढची, आणि एक मेच्या आधीची. हीच गोष्ट कुणी ‘वेळेतून महिना काढा आणि तो एप्रिलशी जुळवा’ अशी लिहिली की प्रूनिंग संपलं. फंक्शनच्या आत गेलेल्या रकान्याबद्दल प्लॅनरला काही सांगता येत नाही, म्हणून छत्तीसच्या छत्तीस महिने वाचले जातात. रिपोर्टिंगच्या तयार साधनांना अशा क्वेरी लिहायची भारी हौस असते. बिट्वीनही इथे वापरू नये. त्याची दोन्ही टोकं धरलेली असल्यामुळे एक मेपर्यंत म्हटलं की मेचं पार्टिशन विनाकारण उघडतं, आणि तीस एप्रिलपर्यंत म्हटलं तर तीस तारखेचा जवळजवळ सगळा दिवस गळतो.

‘आतापासून मागचे सात दिवस’ ही अट चालते. ‘आता’ म्हणजे किती हे क्वेरी धावायला लागल्यावरच कळतं, त्यामुळे वगळणंही त्या वेळी होतं. ही सोय २०१८च्या अकराव्या आवृत्तीपासून आहे. एक्सप्लेनमध्ये किती सबप्लॅन काढले याचा आकडा दिसतो, तो पाहायची सवय ठेवावी. तारखा दुसऱ्या टेबलातून जॉइननं येत असतील आणि प्लॅनरनं हॅश जॉइन निवडला असेल, तर मात्र सगळी पार्टिशनं वाचली जातात. अशा वेळी तारखा आधी काढून क्वेरीत थेट घालणं बरं.

वेळेची अटच नसलेली क्वेरी पार्टिशनिंगमुळे महागते. एका मीटरचा सगळा इतिहास मागितला की एका इंडेक्सऐवजी छत्तीस इंडेक्स उतरावे लागतात. ते परवडतं. पण उत्साहाच्या भरात रोजचं पार्टिशन केलं असेल तर तीन वर्षांत ही संख्या १,०९५ होते आणि कधी कधी प्लॅन बनवायला क्वेरी चालवण्याहून जास्त वेळ जातो. महिनाभराचा डेटा एकदम फेकायचा असेल तर महिन्याचंच पार्टिशन ठेवावं.

किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. प्रायमरी की किंवा युनिक निर्बंध असेल तर त्यात पार्टिशनचा रकाना असावाच लागतो, कारण प्रत्येक इंडेक्स आपल्या पार्टिशनापुरतंच पाहतो. ‘पावती क्रमांक सगळ्या टेबलात एकदाच’ ही हमी पोस्टग्रेस देत नाही. मायएसक्यूएलमध्येही हाच नियम आहे. ओरॅकलमध्ये सगळ्या पार्टिशनांवर पसरलेला ग्लोबल इंडेक्स करता येतो, पण पार्टिशन ड्रॉप केलं की त्याची निगा राखावी लागते.

ड्रॉप झटपट होतो खरा, पण त्याला मूळ टेबलावर क्षणभर पूर्ण कुलूप हवं असतं. कुणाचा तासाभराचा रिपोर्ट चालू असला तर ड्रॉप थांबतो आणि त्याच्यामागे येणाऱ्या साध्या सिलेक्टसुद्धा रांगेत अडकतात. लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. नाहीतर चौदाव्या आवृत्तीपासूनचं ‘डिटॅच कन्करंटली’ वापरून आधी पार्टिशन सुटं करावं आणि मग ते ड्रॉप करावं.

बंद झालेल्या महिन्यावर एकदा ‘व्हॅक्यूम फ्रीज’ चालवून ठेवला की पुढे व्यवहार क्रमांकांसाठी होणाऱ्या सक्तीच्या व्हॅक्यूममध्ये तिथली पानं वगळली जातात. मूळ टेबलाची आकडेवारी ऑटोव्हॅक्यूम गोळा करत नाही, अॅनलाइझ हातानं लावावं लागतं.

राहिलं डिफॉल्ट पार्टिशन, कुठेच न बसणाऱ्या ओळींसाठीचं. ते नसेल तर घड्याळ बिघडलेल्या मीटरची नोंद एरर देऊन परत जाते. असेल तर ती निमूट आत येते, आणि जूनचं पार्टिशन करायला विसरलेलं असलं तर जूनच्या ओळीही तशाच निमूट येतात. मग जूनचं पार्टिशन बनवू गेलं की डिफॉल्टमध्ये त्या महिन्याच्या ओळी आहेत म्हणून पोस्टग्रेस नकार देतं. शिवाय डिफॉल्ट असेपर्यंत ‘डिटॅच कन्करंटली’ चालत नाही. मी डिफॉल्ट ठेवत नाही. पुढच्या काही महिन्यांची पार्टिशनं आधीच करून ठेवतो. हे काम पीजी-पार्टमॅन हे एक्स्टेन्शन करतं, पण ते शेड्यूलवर खरोखर चालतंय ना, याचा अलर्ट वेगळा लावावा लागतो.