पार्लरवाल्या ताई, आधी पाणी तपासा!



आपल्या काही जणींनी गटातून कर्ज घेऊन गावात किंवा शहादा, तळोद्याला ब्युटी पार्लर टाकलंय. लग्नसराईत केस रंगवायला गिऱ्हाईक येतं. पण कधी रंग नीट चढत नाही, कधी आठ दिवसांत फिका पडतो. मग "हिला येतच नाही" म्हणून ती बाई परत फिरकत नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी रंगाची कंपनी बदलण्याआधी पाणी बघा.

आपल्याकडे बरंच पाणी बोअरचं. जमिनीत, खडकात मुरताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. हेच जड पाणी. त्यात डाळ लवकर शिजत नाही, बादलीवर पांढरे डाग पडतात. डोकं धुताना तसाच थर केसांवर बसतो. मग रंग सगळीकडे सारखा चढत नाही, केस राठ दिसतात. पाण्यात लोह किंवा तांबं असेल, तर क्रीम रंगासोबतच्या डेव्हलपरशी त्याची क्रिया होऊन रंगाची छटा बदलू शकते, केसही खराब होतात.

तपासायचं कसं?

बाटलीत थोडं पाणी आणि साबणाचा चुरा घालून जोरात हलवा. फेस कमी आला, पाणी गढूळ झालं, की समजा पाणी जड आहे. खात्री करायची तर जलजीवन मिशनमध्ये दर गावी ५ महिलांनी पाणी तपासणीचं किट शिकायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे प्यायला चालणारं पाणी केसांच्या रंगाला जड पडू शकतं.

मग करायचं काय?

- पावडरचा रंग, मेंदी भिजवायला आणि शेवटी केस धुवायला आरओचं किंवा गाळलेलं पावसाचं पाणी घ्या.
- ते नसेल तर पाणी उकळून गार करा, वरचं निवळ घ्या. काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही.
- केमिकलचा रंग प्लास्टिकच्या वाटीत कालवा. लोखंडी, पितळी भांडं नको.
- गिऱ्हाइकाला आधीच विचारा, "ताई, घरी पाणी कोणतं?" रंग आपण लावतो, पण पुढे केस तिच्या घरच्या पाण्यानेच धुतले जातात. तिलाही हे समजावून सांगा.