परदेशांतून आणलेल्या जुन्या वाहनांची तपासणी

परदेशांत वापरलेला ट्रॅक्टर अथवा मोटारगाडी कमी किंमतींत मिळत आहे, ती घ्यावी कीं न घ्यावी, असें विचारणारे शेतकरी बंधू आम्हांस अधूनमधून भेटतात. बहुतेकांची चौकशी किंमतीपाशीं सुरू होते व तेथेंच संपते. तें वाहन आपल्या देशांत कोणत्या वाटेनें आलें आणि त्या वाटेवर त्याची परीक्षा कोणीं केली, हें क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. मालमोटारीस पहिलीं ८ वर्षें दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. शेतीचा ट्रॅक्टर मोटार कायद्याच्या नियमांप्रमाणें मालवाहू वाहनांत मोडत नाहीं. त्याची नोंदणी एकदां झाली कीं ती १५ वर्षें चालते. म्हणजे बंदरांत व नोंदणीच्या वेळीं जो दोष नजरेंतून सुटला, तो पुढें दीर्घकाळ आपल्याच घरीं राहणार.

२००१ सालच्या एप्रिलांत आयातीवरील संख्येचीं बंधनें उठलीं, तेव्हां परदेशांतील जुन्या वाहनांचा लोट येथें येऊं नये म्हणून सरकारनें कांहीं अटी घातल्या. त्यांतील पहिली गोष्ट ‘जुनें’ कशास म्हणावें ही. आयात होण्यापूर्वीं जें वाहन विकलें गेलें, भाडेपट्ट्यानें दिलें गेलें, उसनें दिलें गेलें, किंवा कोणत्याहि देशाच्या कायद्याप्रमाणें नोंदलें गेलें, तें जुनें. चाकांची नक्षी ताजी आहे, रंगाला ओरखडा नाहीं, एवढ्यानें तें नवें ठरत नाहीं. एखाद्या व्यापाऱ्यानें ट्रॅक्टर परदेशीं एका हंगामापुरता कोणास वापरावयास दिला असला, तरी तो ह्या व्याख्येंत सांपडतो.

असें वाहन बनल्याच्या तारखेपासून ३ वर्षांहून अधिक जुनें असतां कामा नये. येथें ‘बनल्याच्या तारखेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केनिया देशांत ८ वर्षांची मर्यादा आहे व ती पहिल्या नोंदणीच्या वर्षापासून मोजतात. आपल्याकडे मोजणी कारखान्यापासून सुरू होते. मग वाहन गुदामांत वर्षभर पडून राहिलें असलें तरी तें वर्ष वजा होत नाहीं.

दुसरी अट सुकाणूचक्राची. दुचाकी व तीनचाकी खेरीज इतर वाहनांस तें उजव्या हातास हवें. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतों. डावीकडे बसलेल्या हांक्यास पुढच्या गाडीस ओलांडतांना समोरून काय येत आहे तें दिसण्यासाठीं अर्धी गाडी रस्त्याच्या मध्यावर काढावी लागते. ह्यामुळेंच जपान, इंग्लंड अशा डावीकडून चालणाऱ्या देशांतील गाड्या आपल्याकडे येण्यासारख्या असतात. पूर्वींपासून देशांत असलेल्या डाव्या चक्राच्या गाडीस, तिला खूण करण्याचें यांत्रिक अथवा विजेचें साधन चालू स्थितींत असल्याखेरीज, सार्वजनिक जागीं चालविण्यास १९८८ च्या मोटार कायद्याच्या १२० व्या कलमानें मनाई आहे. वेगाचें मीटरहि किलोमीटरांतच असलें पाहिजे. मैलांच्या मीटरवर कांटा ४० वर असतां गाडी ताशीं ६४ किलोमीटर धांवत असते. सवय नसलेल्या हांक्यास ही चूक घाटांत भोंवेल.

पुढील दिव्यांची अट मात्र अनेकांस कागदी वाटते. ती तशी नाहीं. डावीकडून चालण्याची वहिवाट असलेल्या देशांत मंद केलेल्या दिव्याचा झोत डाव्या कडेस लांबवर जातो व उजव्या बाजूस खालीं दाबलेला असतो. त्यामुळें कडेनें चालणारा मनुष्य दुरून दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहींत. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठीं घडविलेल्या दिव्यांत हें सर्व उलट असतें; लांबचा झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो आणि आपली कड अंधारांत राहते. ऊस गाळपाच्या दिवसांत रात्रीच्या वेळीं कारखान्याच्या रस्त्यानें ज्या बैलगाड्यांच्या रांगा जातात, त्या ह्याच अंधाऱ्या कडेनें जात असतात. स्क्रू पिळून झोत खालीं-वर करतां येतो, पण त्याची ही घडण पालटत नाहीं; दिवाच बदलावा लागतो.

आतां दाखल्यांविषयीं. जहाजावर चढविण्याच्या अगदीं आधीं वाहनाची परीक्षा होऊन सरकारनें मान्य केलेल्या संस्थेचे दोन दाखले आयात करणारानें आणावे लागतात. एक, तें वाहन आपल्या मोटार कायद्यास व नियमांस धरून आहे असा. दुसरा, कारखान्यांतून निघतांना त्यास जी मान्यता मिळाली होती तिच्याशीं तें आजहि जुळतें असा. पहिल्या दाखल्यानें वाहन आपल्या रस्त्यास योग्य ठरतें, दुसऱ्यानें त्याचे भाग मध्यंतरीं पालटलेले नाहींत हें ठरतें. आणि कायदा पहावयाचा तो आयातीच्या दिवशींचा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांच्या धुरासंबंधीं १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक नियम लागू झाले. त्यापूर्वीं परदेशांत बनलेला ट्रॅक्टर त्यानंतर येथें उतरला असेल तर त्यास हा नवा नियम लागतो.

बंदरांत उतरल्यावर, माल सोडविण्यापूर्वीं, पुन्हां परीक्षा होते. तीसाठीं नेमलेल्या संस्थांत अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आणि ट्रॅक्टरांकरितां मध्य प्रदेशांत नर्मदेकांठीं बुधनी येथें असलेली केंद्रीय शेती यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ह्या आहेत. जुनीं वाहनें फक्त मुंबईच्या बंदरांतूनच आणतां येतात. तेव्हां दुसऱ्याच एखाद्या बंदरांतून उतरल्याचें सांगून कोणी जुना ट्रॅक्टर दाखवूं लागला, तर पुढील बोलणें तेथेंच थांबवावें.

हे सारे दाखले एका विशिष्ट वाहनाचे असतात. जमिनीच्या उताऱ्यावर गट नंबर चुकला तर बाकीचा मजकूर कितीहि बिनचूक असला तरी व्यर्थ, हें दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांसारख्यांस चांगलें ठाऊक आहे. वाहनाच्या बाबतींत चासी नंबर तसाच. तो कागदावर वाचून समाधान मानूं नये. चासीवरील ठोकलेला नंबर चिखल व ग्रीस पुसून स्वतः वाचावा आणि दोन्ही परीक्षांचे दाखले, कस्टमचें बिल ऑफ एंट्री व नोंदणीचें पुस्तक ह्यांतील नंबर एकेक अक्षर लावून पहावा. ठोकलेल्या अक्षरांभोंवतीं कानशीचे ओरखडे, नवा रंग अथवा जोडकाम दिसलें तर सौद्याची घाई करूं नये. इंजिनाचा नंबरहि तसाच ताडून पहावा.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंदरावरील दाखला कायद्यापुरता असतो. ट्रॅक्टर आपल्या काळ्या जमिनींत नांगर कसा ओढील, किंवा उन्हाळ्यांत त्याचें पाणी किती तापेल, हें त्यांत पाहिलेलें नसतें. तासांच्या मीटरवरहि विसंबून राहूं नये. क्लचच्या व ब्रेकच्या पायट्यांची झीज, तीन-बिंदू जोडाच्या खिळ्यांचा ढिलेपणा, हायड्रॉलिकनें उचललेलें अवजार तेथेंच टिकतें कीं हळूहळू खालीं येतें, ह्यांवरून वापराचा अंदाज अधिक खरा येतो.

शेवटची अट शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी, आणि तिचीच विचारपूस सर्वांत कमी होते. आयात केल्यापासून वाहन ५ वर्षें रस्त्यावर चालण्याजोगें असलें पाहिजे व तितकीं वर्षें देशांत त्याच्या दुरुस्तीची सोय राहील अशी हमी असली पाहिजे. आयात करणारानें प्रत्येक वाहनाकरितां तसें प्रतिज्ञापत्र, मान्य संस्थेच्या दाखल्यासह, द्यावयाचें असतें. मृगाच्या पेरणीच्या ऐन दिवसांत एखादें बेअरिंग वा सील मिळेना, तर परदेशीं ट्रॅक्टराची सारी स्वस्ताई आठ दिवसांत निघून जाते. म्हणून त्या प्रतिज्ञापत्राची नक्कल विकणाऱ्याकडून मागून घ्यावी, त्यांत दुरुस्तीची सोय कोठें आहे म्हणून लिहिलें असेल तेथें जाऊन सुटे भाग खरोखर मिळतात कीं नाहीं तें पहावें, आणि विसाराची रक्कम त्यानंतरच द्यावी.